ताटावर आडवा हात

आमच्या घरात भांडणाला विषय एकच आहे आणि तो हिवरखेडला माझ्या सासऱ्यांच्या शेतातल्या टिनाच्या शेडमध्ये उभा आहे. त्याला दोन पंख आहेत, एक शेपूट आहे आणि दोघांना बसायला जागा आहे. त्यातल्या एका जागेवर मी कधीही बसणार नाही, हे मी सुरुवातीलाच सांगून ठेवलं आहे.

मी श्याम, अमरावतीच्या कोर्टात वकिली करतो. बायको दामिनी तिथेच इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. आमचं लग्न ठरलं तेव्हा मुलीला स्वयंपाक येतो का, असं माझ्या आईनं विचारलं होतं. मुलगी विमान बांधते का, हे विचारायचं कोणाला सुचणार? आता दर शनिवारी आमची गाडी दर्यापूर-अकोटवरून हिवरखेडला निघते. मागच्या सीटवर पाने, नळ्या, गंजलेले बोल्ट असतात आणि पुढे मी, तोंड वाकडं करून. लोक सासुरवाडीला आराम करायला जातात. मी जातो ते आग विझवायचं नळकांडं धरून उभं राहायला. माझं अधिकृत काम तेच.

विमानाचं खरं इंजिन आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नाही. म्हणून दामिनीनं अकोल्याच्या भंगार बाजारातून अपघात झालेल्या एका कारचं इंजिन आणलं. लहानसं, तीन सिलिंडरचं, पेट्रोलवर चालणारं, टर्बो असलेलं. त्या दिवशी ती नवरी घरी आणल्यासारखी हसत होती आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. उडवायची परवानगी अजून यायची आहे, तोवर सगळं जमिनीवरच, असं ती मला समजावते. परवानगी येऊच नये म्हणून मी मनातल्या मनात किती देव पाण्यात ठेवले आहेत ते तिला ठाऊक नाही. ठाऊक असेलही.

टर्बो म्हणजे काय, ते मला तिच्या आत्यामुळे कळलं. दामिनी रांगत होती तेव्हा तिची आई गेली आणि गोदाबाईंनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या थोरल्या बहिणीनं, तिला वाढवलं. मी त्यांना आत्याबाई म्हणतो. आत्याबाईंच्या हातचं जेवणं हे काम आहे, गंमत नाही. एकदा पुरणपोळ्यांचं जेवण होतं. माझं पोट तट्ट भरलेलं आणि आत्याबाई पोळी घेऊन उभ्या.

"घ्या जवाईबापू, एक. लहानशीच आहे."

"नको आत्याबाई, खरंच नको."

"असं कसं नको? तुपाले तरी जागा असंल न!"

मी दोन्ही हात ताटावर आडवे धरले. दामिनी हसायला लागली.

"हे पाह्य," ती म्हणाली, "आत्या म्हणजे टर्बो. इंजिन आपल्या भुकेनं हवा घेते. टर्बो उभा राहून ठासतो, घे अजून, घे अजून. बाहेर जाणाऱ्या धुरावरच त्याचं चाक फिरते, म्हणून इंजिन जितकं पळते तितका याले चेव. वर आभाळात हवा विरळ असते, तठी याची फार गरज. पण कोणीतरी बास म्हणणारं पाह्यजे. तुह्या हातासारखं."

"आणि कोणी बास म्हटलंच नाही तर?" मी विचारलं. वकील असल्याने वाईट शक्यता आधी विचारायची मला सवय.

"गाडीत फारसं बिघडत नाई. ओव्हरटेक करताना क्षणभर दाबलं, झालं. विमान वर चढताना मात्र इंजिन सारखं पूर्ण जोरावर असते. तेवढा वेळ टर्बो मोकाट सुटला, तर आतलं पेट्रोल भलत्या वेळी भडकते. ठोके बसतात. पिस्टन वितळतो."

"मग?"

"मग इंजिन बंद."

"कुठे?"

"जिथं असंल तिथं," ती म्हणाली आणि शांतपणे पोळी मोडली.

जेवणानंतर तिनं मला इंजिनाचा तो आडवा हात शेडमध्ये नेऊन दाखवला. त्याला वेस्टगेट म्हणतात. धुराला चाकाकडे न जाता बाजूनं निसटता यावं म्हणून एक छोटं दार असतं. एरवी स्प्रिंग ते लावून धरते. हवेचा दाब वाढला की एका डबीतला पडदा फुगतो, बोटाएवढी दांडी पुढे सरकते आणि दार उघडतं. कारचा कॉम्प्युटर तिनं काढून टाकला होता. तो रस्त्यावरच्या ड्रायव्हरचा विचार करतो, हवेतल्या बाईचा करत नाही, असं तिचं म्हणणं. कारवाल्यांनी ठरवलेल्यापेक्षा कितीतरी कमी दाबाला उघडेल अशी नरम स्प्रिंग तिनं बसवली होती. दाब दाखवणाऱ्या काट्याच्या तबकडीवर नेलपॉलिशनं लाल रेघ ओढली होती. ती नेलपॉलिश मी वाढदिवसाला दिलेली.

"आणि ही दांडी सरकलीच नाही तर?" मी म्हणालो.

"काहून नाई सरकणार?"

"मला काय माहीत! मी विचारतो आहे."

"तू कोर्टात नाईस, श्याम."

भांडण झालं. चांगलं दणदणीत झालं. मी म्हणालो, तुला काही झालं तर मी काय करू? ती म्हणाली, काही होणार नाही एवढं मले इंजिनिअर म्हणून कळते. शेवटी तीच तावातावानं म्हणाली, "हा काटा या लाल रेघेच्या पुढे एकदा जरी गेला, तरी मी इंजिन उतरवीन. विमान शोभेचं ठेवू, त्याच्यावर भोपळ्याचे वेल चढवू. दिली जबान."

"आयकलं म्या," दारातून आत्याबाई म्हणाल्या. "जबान म्हणजे जबान हं पोरी."

दसरा आला. सासरे, खुशालराव, सगळ्या अवजारांची पूजा दसऱ्यालाच करतात. ट्रॅक्टर, फवारणीचा पंप, विळे, कुऱ्हाड, सगळं धुऊन ओळीनं लावलेलं. सोयाबीन निघून गेलं होतं, कपाशी फुटायला लागली होती, उत्तरेला सातपुडा स्वच्छ दिसत होता. त्याच दिवशी दामिनी इंजिन पहिल्यांदा पूर्ण जोरावर चालवणार होती. सकाळीच तिनं एकेक नळी, एकेक बोल्ट तपासला, ती दांडी बोटानं ढकलून पाहिली आणि मग पूजेसाठी बाजूला झाली.

आत्याबाईंनी सगळ्यांना हळदकुंकू लावलं आणि पूजेचा लाल-पिवळा धागा बांधला. ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगला, पंपाच्या दांड्याला, कुऱ्हाडीला. मग विमानाकडे आल्या. मी बाजेवर बसून रागानं चिवडा खात होतो. सासरे पंख्याला, म्हणजे पुढच्या पात्याला, झेंडूचा हार घालायला स्टुलावर चढले होते आणि ते पडू नयेत म्हणून दामिनीनं स्टूल धरलं होतं. आत्याबाई इंजिनाच्या उघड्या बाजूला वाकून बराच वेळ पुटपुटत होत्या. त्यांच्या लेकीचं विमान, त्यांनी जास्त वेळ देवाला सांगावं यात नवल काय? पूजा झाली. दामिनीनं इंजिनावरचं झाकण लावलं.

चाकांना लाकडी ओंडके लावले, शेपटीचा दोर कडुनिंबाला आवळून बांधला. सासरे आणि आत्याबाई लांब बांधावर उभे. मी नळकांडं घेऊन बाजूला. दामिनी आत बसली, मला अंगठा दाखवला आणि इंजिन सुरू केलं.

खोटं कशाला बोलू, आवाज चांगला होता. मग तिनं जोर वाढवला. धसकटं उडाली, कडुनिंबाची पानं उलटी झाली, दोर ताणला. आवाज चढत गेला आणि मध्येच त्यात काहीतरी कडक, खडखड वाजलं, खडे भरलेला डबा हलवावा तसं. लगेच इंजिन खाली आलं आणि बंद पडलं. नाही, तिनं बंद केलं.

धूळ बसली तरी ती बाहेर येईना. मी धावत गेलो.

"गेला," ती म्हणाली.

"काय गेलं?"

"काटा. रेघेच्या पुढे गेला."

तो काटा तिच्याशिवाय कोणालाही दिसत नव्हता. ती गप्प बसली असती, तर त्या खडखडीचा अर्थ मला जन्मात कळला नसता. पण ती तशी नाही. ती खाली उतरली, कोणाकडेही न पाहता विहिरीकडे गेली आणि तिथल्या दगडावर पाठ करून बसली. सासरे तिच्यामागे गेले आणि शेजारी उभे राहिले.

मी जिंकलो होतो. आता भोपळ्याचे वेल. मला नाचावंसं वाटायला हवं होतं आणि वाटत होतं रडावंसं. तिची ती पाठ मला पाहवेना. काहीतरी करायचं म्हणून मी इंजिन निवावं यासाठी झाकण उघडलं.

आणि मला तो धागा दिसला.

डबीतून निघणाऱ्या दांडीला तो बांधला होता. एकदा नाही, वेढ्यावर वेढे देऊन, निसटू नये म्हणून शेजारच्या लोखंडी पट्टीलाही गुंडाळून, वर घट्ट गाठ. आत्याबाईंनी इंजिनात हात शोधला होता. एवढ्या गुंतागुंतीत मनगटासारखी दिसणारी तीच एक वस्तू होती. रक्षेचा धागा हाताला बांधतात, म्हणून त्यांनी हाताला बांधला. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, दुसरं काय!

मी तिथे उभा राहून जो विचार केला तो सांगतो. धागा तोडून खिशात टाकायचा, बस. दामिनी शब्द पाळेल. विमान जमिनीवर राहील, बायको जमिनीवर राहील, आत्याबाईंना कधी कळणार नाही. कोणाचंही नुकसान नाही. इतका सोपा खटला माझ्या हाती कधी आला नव्हता.

पण काटा तिनं एकटीनं पाहिला होता आणि सांगितला होता. धागा मी एकट्यानं पाहिला होता. तिच्याशेजारी आयुष्यभर झोपायचं तर माझ्याकडेही तेवढा खरेपणा असायला हवा.

"दामिनी!" मी ओरडलो. "इकडे ये. मी कशालाही हात लावलेला नाही, तू पाहा."

ती आली, वाकली, पाहत राहिली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेसाठी मी आणखी दहा विमानं सहन केली असती.

"आत्याले सांगू नको," ती हळूच म्हणाली.

"नाही सांगत. पण तुझी जबान सुटली. इंजिनाचा दोष नाही."

"काटा गेला ना? मंग गेला. इंजिन उतरवते मी."

"अगं पण धागा होता!" माझं डोकं फिरलं. "शर्त इंजिनावर होती, धाग्यावर नव्हती. जगात कोणतं इंजिन हात बांधल्यावर नीट चाललं असतं?"

"आज धागा होता. उद्या गंज असंल, परवा चिमणीचं गवत असंल. वर गेल्यावर काय अडकलं ते पाहाले कोण येते? एक दार अडलं आणि सगळं संपलं, असं मी बांधलंच कसं? तू इचारलं होतं मले, सरकली नाई तर काय. मी तुह्यावर ओरडली. आणि तपासलं कधी? पूजेच्या आधी! मंग पूजेनंतर काहून नाई तपासलं? चूक माही आहे, श्याम."

"असेल! मग दुरुस्त कर! उतरवतेस कशाला?"

मी काय बोलतो आहे ते माझ्या उशिरा लक्षात आलं. मी माझ्याच विरुद्ध वकीलपत्र घेतलं होतं आणि जीव तोडून भांडत होतो. दामिनीला ओल्या डोळ्यांनीच हसू फुटलं. तेवढ्यात मागे हालचाल झाली. आत्याबाई पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं.

"म्हणजे," त्या म्हणाल्या, "म्या त्याचा ताटावरचा हात बांधला म्हणा."

त्या पुरणपोळीच्या दिवशी आपण हसत होतो तेव्हा बाई सगळं समजून घेत होती, हे मला तेव्हा कळलं.

"आत्या, तसं काही नाई व," दामिनी म्हणाली.

"वर असती तर पडली असती न तू? खरं सांग."

दामिनी खोटं बोलत नाही. तिनं आत्याला नुसतं घट्ट धरलं. आत्याबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि घराकडे चालू लागल्या. संध्याकाळी सोनं वाटायलाही त्या बाहेर आल्या नाहीत.

त्यानंतर आत्याबाईंनी शेडकडे जायचं सोडलं. माझ्या ताटात पोळी वाढतानाही एकदाच विचारायच्या. मी नको म्हणालो की खरंच परत न्यायच्या. मी उपाशी उठू लागलो, पण ते सांगणार कोणाला? एकदा मीच म्हणालो, "आत्याबाई, तुपाला जागा आहे." त्या नुसत्या हसल्या. "नाई बाप्पा," म्हणाल्या, "माह्या हाताले यश नाई. ज्याच्यासाठी कराले जातो त्याच्याच जिवावर येते."

शेवटी दामिनीनं माझं ऐकलं आणि इंजिन उतरवलं नाही. तिनं दुसरं दार केलं. इंजिनात जाणाऱ्या हवेच्या नळीवर एक झडप बसवली, नुसत्या स्प्रिंगवर दाबून धरलेली. तिला दांडी नाही, डबी नाही, अडकायला काही नाही. दाब ठरल्यापेक्षा वाढला की ती आपोआप उघडते आणि जादा हवा बाहेर फेकते. एक हात अडकला तरी दुसरा ताटावर आडवा. शिवाय रेघेच्या अलीकडेच पेटेल असा लाल दिवा लावला. पण झडप खरंच पुरते की नाही, हे कळणार कसं? दिवाळीनंतरच्या एका सकाळी ती म्हणाली, "वेस्टगेट मुद्दाम बांधून पूर्ण जोरावर चालवू. काटा रेघेच्या आत राहिला तर ठीक. नाई राहिला तर भोपळे, आणि या वेळी तू माही बाजू घ्यायची नाई."

मी तार आणायला उठलो. तिनं मला थांबवलं आणि घरात गेली. मी मागोमाग गेलो. आत्याबाई भाकरी थापत होत्या.

"आत्या, चाल. दांडीले धागा बांधाचा आहे."

आत्याबाईंचे हात पिठातच थांबले. "तुले काही समजते का व? माह्या हातानं? तारेनं बांधा न तुमी, मले काहून बोलावून राहिली?"

"तारेनंही होते. पण तुह्याच हातानं पाह्यजे. तू बांधलं तरी मले काई होत नाई, हे तुले दिसलं पाह्यजे. मी वर असीन आणि तू खाली असं तोंड करून बसशीन, तर मी कशी उडू?"

"आन काई झालं तर?"

"जमिनीवर आहे. शेपटीले दोर आहे. माहा हात जोर कमी कराच्या दांड्यावर आहे. आणि हा उभा आहे न नळकांडं घेऊन, दुसरं काय करते हा?"

आत्याबाईंनी हात धुतले. शेडमध्ये येऊन इंजिनावर वाकल्या आणि धागा बांधला. दसऱ्याला जिथे बांधला होता अगदी तिथेच, तसेच वेढे, तशीच गाठ. दामिनीनं दांडी ढकलून पाहिली. हलली नाही.

मग इंजिन सुरू झालं. या वेळी आत्याबाई बांधावर गेल्या नाहीत. माझ्या शेजारी उभ्या राहिल्या, पदर तोंडात धरून, आणि त्यांच्या दुसऱ्या हातानं माझं मनगट आवळून धरलं. आवाज चढला. ती खडखड केव्हा वाजेल म्हणून मी कान टवकारून होतो. त्याऐवजी फस्सकन मोठा आवाज झाला. आत्याबाई दचकून ओरडल्या, "गेलं!"

"नाही, उघडलं!" मी त्यांच्या कानाशी ओरडलो. "झडप उघडली, आत्याबाई! बास म्हणाली ती!"

झडप फुसफुसत राहिली, इंजिन गरजत राहिलं आणि दामिनीनं ते तसंच चालवलं, विमान वर चढायला लागेल तितका वेळ, वर आणखी थोडा. मग हळूहळू खाली आणलं. पातं थांबलं तेव्हा ती तिथूनच ओरडली, "रेघेच्या आत! आत्या, रेघेच्या आत राहिला!"

आत्याबाई मटकन खाली बसल्या आणि रडल्या. सासरे डोळे पुसत भलतीकडेच, कपाशीकडे बघत राहिले. दामिनी धावत येऊन आत्याच्या गळ्यात पडली आणि दोघी हसतात की रडतात ते कळेना. मी नळकांडं कवटाळून उभा होतो, कारण मला कवटाळायला कोणी शिल्लक नव्हतं.

इंजिन निवल्यावर आत्याबाई उठल्या. "आता सोडते बापा तो," म्हणाल्या. वाकून बराच वेळ नखानं गाठ उकरत राहिल्या. दांडीनं जोर लावून लावून ती पार आवळली होती.

"जवाईबापू, तुमी पाहा बरं. माह्यानं नाई सुटत."

दामिनीनं खिशातून कात्री काढली. मग माझ्याकडे पाहिलं आणि ती परत ठेवली.

मी वाकलो. आता माझ्याकडे एकही हरकत शिल्लक नव्हती. जे जे विचारलं होतं त्या सगळ्याचं उत्तर तिनं दिलं होतं. परवानगी येईल, एक दिवस ती या शेतावरून वर जाईल आणि मी खाली उभा असेन. भीती तेवढीच होती, थोडीही कमी झाली नव्हती. माझी बोटं मुद्दाम सावकाश चालत होती आणि तिला ते कळत होतं. तिनं घाई केली नाही. गाठ सैल झाली तसे मी एकेक वेढा उलगडला, दांडी बोटानं ढकलली आणि ती मोकळी सरकते आहे याची खात्री केली.

"सरकते," मी दामिनीला म्हणालो. "नीट सरकते."